मागाच्या जागेवर कपाट

चालत्या गोष्टीला हात लावू नये, हे शहाणपण बहुतेकांना एखादा पंखा खोलून बसल्यावर येतं. आंधळगावच्या भूपेंद्र बारापात्रेला ते छत्तिसाव्या वर्षापर्यंत आलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ दिवसाकाठी अर्धा मिनिट पुढे जातं म्हणून त्याने ते उघडलं, आणि तेव्हापासून त्या घरात वेळ बघायची झाली की शेजारच्या मारोतरावांना हाक मारतात. स्वभावाला औषध नसतं. पण अशा स्वभावाचा माणूस नेटवर्किंगच्या सगळ्यांत वरच्या परीक्षेला बसतो, तेव्हा प्रकरण घड्याळापुरतं राहत नाही.

या परीक्षेला आधी लेखी असते, मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकासाठी बंगळूरला जावं लागतं. तिथे आठ तास एका यंत्रासमोर बसवतात. पहिल्या दोन तासांत मुद्दाम बिघडवून ठेवलेलं संगणकांचं जाळं दुरुस्त करायचं आणि उरलेल्या वेळात नवं जाळं उभारायचं. भूपेंद्र भंडाऱ्याच्या एका खासगी कंपनीत हेच काम रोज करायचा, त्यामुळे पहिल्या वेळी तो निर्धास्त गेला. सगळे बिघाड त्याने काढले आणि दहा मिनिटं उरली. आता दहा मिनिटं नुसतं कसं बसायचं, म्हणून त्याने एक चांगली चाललेली गोष्ट अजून चांगली करायला घेतली. निकाल लागल्यावर त्याने गावात 'थोडक्यात हुकलं' असं सांगितलं. गावाने ते 'बंगळूर पाहून आला' असं ऐकलं.

आता दुसरी संधी होती आणि तीच शेवटची. लेखीची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती. तोवर प्रात्यक्षिक निघालं नाही तर लेखीसुद्धा बाद, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. या वेळी घरीच सराव करायचा असं ठरवून त्याने नागपुरातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून दहा जुनी यंत्रं आणि ती बसवायचं माणसाएवढं लोखंडी कपाट आणलं. कपाट छोट्या हत्ती टेम्पोतून उतरलं तेव्हा ते कुठे ठेवायचं याचा विचार झालेला नव्हता, असं त्याची बायको तेजस्विनी आजही सांगते.

घरात मोकळी जागा एकच होती, आणि ती मोकळी नव्हती. समोरच्या खोलीत वडिलांचा, लक्ष्मणरावांचा खड्डामाग होता. पाय खड्ड्यात सोडून बसायचं आणि कोशाचं रेशमी कापड विणायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. गुडघे दुखायला लागल्यापासून घरच्यांनी त्यांना मागावर बसू दिलं नव्हतं, तीन वर्षं तो नुसता उभा होता. लक्ष्मणराव दिवसभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून टीव्ही बघायचे.

भूपेंद्रने भीत भीत विषय काढला. लक्ष्मणरावांनी कपाटाकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं.

"पास झाला त जागा तुयी," ते म्हणाले. "नाही झाला त कपाट बाहेर, माग आत. मंजूर हाय का?"

"मंजूर," भूपेंद्र म्हणाला. एवढ्या सहज जागा मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

माग लक्ष्मणरावांनी स्वतः सोडवला. प्रत्येक लाकडावर खडूने आकडा घातला, एक ते एकोणीस. फणी जुन्या धोतरात गुंडाळली, धोटा देवघराच्या कोनाड्यात ठेवला. खड्ड्यावर सागवानी फळ्या टाकल्या. "बाबांच्या मनाले लागलं हो," तेजस्विनी हळूच म्हणाली. भूपेंद्रला अपराध्यासारखं वाटलं आणि ते जवळजवळ जेवणाच्या वेळेपर्यंत टिकलं.

कपाट सुरू केलं तेव्हा दहा यंत्रांचे पंखे एकदम घोंघावले आणि पाचव्या मिनिटाला घरातले दिवे गेले. मारोतराव धावत आले. ते टेलिफोनच्या खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. तार हा शब्द गावात कुठेही उच्चारला गेला तरी त्यांना ऐकू जायचा. त्यांनी कपाटाला एक प्रदक्षिणा घातली.

"आमच्या टाइमले एका तारेवर दोन माणसं बोलत," ते म्हणाले. "तुया इथं एवढ्या तारा, अन् बोलून कोण राहिलं?"

"कोणीच नाही काका. ही यंत्रं एकमेकांशी बोलतात."

"काय बोलते?"

"आपण जिवंत आहोत, एवढंच. दर काही सेकंदांनी."

मारोतरावांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांच्या घरात सध्या त्यांच्याशी कोणी एवढंही बोलत नव्हतं.

विजेचं काम बघणारा घनश्याम आला आणि भार वाढवून घ्या म्हणाला. त्यासाठी अर्ज होता. अर्जात वापराच्या प्रकाराचे चारच चौकोन होते: घरगुती, दुकान, पिठाची गिरणी, यंत्रमाग. भूपेंद्रने 'घरगुती'वर खूण केली. घनश्याम म्हणाला, एवढं घर कोणी वापरत नाही, अर्ज परत येईल. दुकान म्हटलं तर परवाना लागतो. गिरणी म्हटलं तर बाया दळण घेऊन येतील. भूपेंद्रचं आडनाव कोष्ट्याचं, गाव विणकरांचं. अर्ज कार्यालयातल्या टेबलाटेबलांवरून फिरून आला तेव्हा कुणीतरी 'यंत्रमाग'वर खूण केलेली होती. भार वाढला. भूपेंद्रने ती खूण पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी चूक जशी होती तशी राहू दिली. तेच नडलं.

महिनाभराने एक निरीक्षक नव्या यंत्रमागाची पाहणी करायला आले. कपाटाच्या मागच्या बाजूला लोंबणाऱ्या निळ्या, पिवळ्या, लाल तारा त्यांनी बराच वेळ निरखल्या.

"ताणा दिसतो आहे," ते वहीत लिहीत म्हणाले. "बाणा कुठून जातो?"

भूपेंद्रने वीस मिनिटं समजावलं. निरीक्षकांनी ते शांतपणे ऐकलं आणि उत्पादनाचा एक नमुना आठ दिवसांत सादर करा, असं सांगून ते गेले. नमुना न दिल्यास वाढीव भार काढला जाणार होता, आणि परीक्षेला सात आठवडे राहिले होते. शेवटी तेजस्विनीने सासऱ्यांनी विणलेला एक कोशाचा दुपट्टा पेटीतून काढून दिला. तो मंजूर झाला. पंधरा दिवसांनी शिक्क्याचं पत्र आलं, की सदर यंत्रमागावरील उत्पादन उत्तम प्रतीचं आहे.

ते पत्र लक्ष्मणरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. हातमागाच्या माणसाला शिवी द्या, तो एखाद वेळी हसून सोडून देईल. त्याच्या हातच्या कापडाला यंत्रमागाचं म्हणालात तर तो तुमच्या घरचं पाणी पिणार नाही. लक्ष्मणरावांनी दोन दिवस टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी ते कपाटाच्या मागे जाऊन बसले आणि संध्याकाळी भूपेंद्र कामावरून आला तेव्हा त्याच्या तारांचा पुरता कायापालट झाला होता. निळ्या तारा निळ्यांत, पिवळ्या पिवळ्यांत, दर वितीवर कोशाच्या धाग्याची बारीक गाठ.

"बाबा, कोणती तार कुठे होती ते मला पाठ होतं," भूपेंद्र रडकुंडीला येऊन म्हणाला.

"हो का? मग सांग, हे पिवळी कुठं जाते?"

भूपेंद्रने सांगितलं. ते चुकलं. लक्ष्मणरावांनी एकही तार काढलेली नव्हती. जिथली तिथे ठेवून फक्त गुंता सोडवला होता. तेव्हापासून कपाटातली कोणती तार कुठून कुठे जाते हे त्या घरात दोघांना माहीत झालं, आणि त्यांतल्या एकाला नक्की.

बंगळूरच्या आधी एक पूर्ण सराव परीक्षा व्हावी, असं ठरलं. जबाबदारी अश्वजितने घेतली. अश्वजित रामटेके हा पवनीकडच्या आसगावचा, भूपेंद्रचा कॉलेजपासूनचा मित्र, नागपूरला नोकरीला. त्याने हीच परीक्षा पहिल्या झटक्यात काढली होती आणि त्याबद्दल तो कधी एक शब्दही बोलत नसे. बोलला असता तर भूपेंद्रला बरं वाटलं असतं. अश्वजित बुधवारी संध्याकाळी आला, सगळ्यांना खोलीबाहेर काढून तासभर कपाटाशी बसला आणि एक बंद लिफाफा तेजस्विनीच्या हातात दिला.

"दहा आजार घालून ठेवले हायेत," तो म्हणाला. "सात आतले, तीन बाहेरचे. यादी यात हाय, वहिनी. दोन तास झाल्याबिगर उघडू नोका."

तेजस्विनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लिफाफा हातात येताच तिचा चेहरा बदलला. तिने त्यावर सही केली, अश्वजितची घेतली, आणि तो पदराला बांधला.

परीक्षा गुरुवारी सकाळी नऊला. तारीख अश्वजितच्या सुट्टीवरून ठरली होती, कॅलेंडर बघून. आता कॅलेंडरात एकादशी असते, बँकांची सुट्टी असते, पण मंडई नसते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच-खेळ, रात्री नाटक, आणि झाडून सगळे पाहुणे घरी. कोणत्या गावची कधी हे ज्याला त्याला पाठ असतं. भूपेंद्रला यंत्रांचे सगळे पत्ते पाठ होते. त्यांच्या गर्दीत आंधळगावची मंडई त्याच गुरुवारी आहे हे पुसलं गेलं होतं. तेजस्विनीला वाटलं, यांना माहीत असेल. लक्ष्मणरावांना कोणी विचारलं नाही.

नऊ वाजता तेजस्विनीने खोलीचं दार लावलं. "बोलायचं नाही. पाणी पाहिजे असेल तर हात वर करायचा," तिने सांगितलं. भूपेंद्र कामाला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो झकास चालला होता. पहिला बिघाड सहा मिनिटांत, दुसरा आठ. सव्वानऊला बाहेर जीप थांबली.

बपेऱ्याहून रुखमिणीआत्या आल्या होत्या, लक्ष्मणरावांची धाकटी बहीण, सोबत पाच माणसं. दार लोटून त्या सरळ आत आल्या. भाचा पाठ करून बसलेला, काही बोलत नाही, हात वर करून पाणी मागतो, आणि सून त्याच्यावर नजर ठेवून उभी.

"काहून वं, बाबू बिमार हाय का?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा आहे, आत्या."

"या वयात?" आत्या म्हणाल्या आणि टेकायला जागा बघू लागल्या.

कपाटाच्या मागून गरम हवा येते. नोव्हेंबरातली सकाळ, बपेऱ्यापासून उघड्या जीपमधला प्रवास. आत्या त्या हवेत टेकल्या आणि उठेनात. गुडघ्याला फार बरं वाटतं, असं त्यांनी जाहीर केलं. थोड्या वेळाने तिथे आणखी दोन गुडघे येऊन बसले. कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला. मारोतराव आले आणि पाहुण्यांना यंत्रं काय बोलतात ते समजावू लागले. तेजस्विनीने सगळ्यांना एकदा दटावलं, दुसऱ्यांदा दटावलं, मग स्वयंपाकाचं बघायला तिला आत जावंच लागलं. बाहेर दंडारीचा ढोल सुरू झाला होता.

एवढं सगळं होऊनही दहा वाजून दहा मिनिटांनी भूपेंद्रने सातवा बिघाड काढला. तीन राहिले होते आणि हातात पन्नास मिनिटं होती. इथून परीक्षा खरी सुरू झाली. तीन बिघाड सापडेनात. ज्या यंत्राला विचारावं ते ठणठणीत असल्याचं सांगायचं. इकडून तिकडे निरोप जात होता, तिकडून इकडे येत होता. अश्वजित इतका हुशार आहे की त्याने बिघाड असा घातला आहे जो बिघाडासारखा दिसतच नाही, या निष्कर्षावर भूपेंद्र आला. मग ज्या गोष्टी बिघाडासारख्या दिसत नव्हत्या त्या त्याने दुरुस्त करायला घेतल्या. साडेदहाला पहिलं यंत्र गप्प झालं. पावणेअकराला चार. अकराला तेजस्विनीने स्वयंपाकघरातून येऊन वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा एकही यंत्र दुसऱ्याशी बोलत नव्हतं.

दंडार बघून अश्वजित आला. लिफाफा उघडण्यात आला. सात बिघाडांवर बरोबरच्या खुणा झाल्या. पुढचे तीन अश्वजितने वाचून दाखवले. तिसऱ्या यंत्राची निळी तार काढून लोंबती ठेवलेली. पाचव्याची पिवळी. नवव्याची लाल.

"परीक्षेत तारेले हात लावा लागत नाही, मले माहीत हाय," तो म्हणाला. "पण आंधी तार पाहाची सवय तुले नाही, म्हणून घातले."

"एकही तार लोंबत नव्हती," भूपेंद्र म्हणाला.

हळूहळू सगळ्यांच्या माना लक्ष्मणरावांकडे वळल्या. ते खुर्चीत बसून चहा पीत होते.

"सकाळी उठलो त तीन धागे तुटून लोंबून राहिले होते," ते म्हणाले. "जोडले. त्यात काय विचाराचं?"

विणकराच्या घरात तुटलेला धागा तसाच ठेवून कोणी चहा घेत नाही, हे आसगावच्या अश्वजितला कसं माहीत असणार. भूपेंद्र खाली बसला. त्याला मनापासून राग आला होता, आणि कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. अश्वजितने कपाटाचं बटण बंद केलं, तशा आत्या हळूच म्हणाल्या, हवा थंडी झाली.

"सात सापडले नं तुले?" लक्ष्मणरावांनी विचारलं. "मंग बाकीचे काहून शोधून राहिला होता?"

"दहा आहेत असं सांगितलं होतं."

"सांगनाऱ्याचं काय आयकतो. कापड पाहाचं. कापड बरोबर निघून राहिलं असन त हात आवराचा. आपल्या हातानं तुटलेले धागे मोजले का नाही तू? मी मोजले. अकरा."

भूपेंद्र त्या दिवशी मंडईला गेला नाही. गावात संध्याकाळपर्यंत दोन बातम्या होत्या: एक, तो पुन्हा नापास झाला, दोन, त्याच्या घरी गुडघ्याचं मशीन आलं आहे.

दहा दिवसांनी तो बंगळूरला गेला. पहिला भाग सुरू झाला. बिघाड निघाले आणि घड्याळात पंचवीस मिनिटं उरली. निरोप जात होते, येत होते. चौथ्या प्रश्नातली एक ओळ त्याला अजून सुबक लिहिता आली असती. बोटं त्या दिशेने निघालीसुद्धा. मग त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि एकावर एक घट्ट धरले. आयुष्यात त्याने केलेलं सर्वांत कष्टाचं काम ते. पाच मिनिटं तो तसाच बसलेला पाहून तिथला परीक्षक जवळ आला आणि तब्येत ठीक आहे ना, असं त्याने इंग्रजीत विचारलं.

"कापड बरोबर निघून राहिलं," भूपेंद्र म्हणाला.

परीक्षकाने मान डोलावली आणि तो पुढच्या माणसाकडे गेला. उरलेला भाग भूपेंद्रने रोजच्या कामासारखा केला. दुसऱ्या दिवशी निकाल मोबाइलवर आला. पास. त्याने तो स्टेशनवर उभ्याउभ्या चार वेळा वाचला आणि त्याचे डोळे भरून आले. घरी फोन लावला. तेजस्विनी रडली. लक्ष्मणराव म्हणाले, "बरं झालं. ये."

तो आंधळगावला पोचला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ओसरीवर एक ते एकोणीस आकड्यांची लाकडं क्रमाने मांडलेली होती. लक्ष्मणराव फणीवरचं धोतर सोडत होते.

"बाबा, मी पास झालो," भूपेंद्र म्हणाला. "शर्त काय होती? पास झालो तर जागा माझी."

"तुयीच हाय. कोण नाही म्हणते?" लक्ष्मणराव म्हणाले. "सांग, काय ठेवतो तेथी?"

भूपेंद्रने दारातून आत कपाटाकडे पाहिलं. कपाट सरावासाठी होतं. सराव परीक्षेसाठी होता. परीक्षा झाली होती. त्या कपाटाची आता त्याला काडीची गरज नव्हती, आणि हे त्याच्याआधी कोणाला तरी कळलेलं होतं. खडूचे आकडे सात महिन्यांत जराही पुसले नव्हते. अधूनमधून कोणी ते गिरवले असावेत.

"आणि नापास झालो असतो तर?"

"तवा त शर्तच होती."

"तुमचे गुडघे?"

"खुर्चीवर लटकून दुखते ते. खड्ड्यात पाय सोडले का दुखत नाही. तीन वर्षांपासून सांगून राहिलो, आयकते कोण?"

कपाट त्याच संध्याकाळी अश्वजितच्या ओळखीने नागपूरला गेलं. रुखमिणीआत्यांनी फोनवर फार हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या आणि माग उभा राहू लागला. भूपेंद्र मदतीला पुढे झाला. सातव्या क्रमांकाचं लाकूड थोडं तिरकं बसतंय, असं त्याला वाटलं.

"हात लावू नको," लक्ष्मणराव म्हणाले. "बस तेथी."

तो बसला. हात मांडीवर घेतले, एकावर एक धरले. सराव होताच.

तिसऱ्या दिवशी ताणा चढला. लक्ष्मणरावांनी पाय खड्ड्यात सोडले, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे असा चार-पाचदा गेला आणि एक धागा तुटला. त्यांनी मान वर केली.

"ये," ते म्हणाले. "हा तू जोड. पास झाला नं."

भूपेंद्र वाकला. लहानपणी शिकलेली गाठ बोटांत होती. त्याने धागा ओढून घेतला, टोकं जुळवली, गाठ मारली. बारीक आणि पक्की बसली. तेजस्विनीनेही पाहिली, मारोतरावांनीही पाहिली. लक्ष्मणरावांनी ती गाठ बोटांवर घेतली, जरा वेळ निरखली, सोडली आणि पुन्हा स्वतः मारली.